पाणमांजराचा दुखवटा

एक बटण काळे, एक तपकिरी.

कातडे मऊ व्हायला हवे असेल तर ते मूस हरणाच्याच मेंदूने चोळावे लागते. मग कुजक्या लाकडाचा धूर.

बर्फाखालचे तळे भर दुपारीसुद्धा कण्हते.

तळघरातली मुले उत्तर देण्याआधी दोनदा खोकतात. त्यांपैकी कुणालाच सर्दी झालेली नाही.

लाल कापडात बांधलेले वर्ष पुरे होईपर्यंत उघडायचे नसते.

"हळू बोल. इंग्रजी ऐकलं की तो झोपतो."

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना शिवले की मी होतो. मी उजव्या हाताचा हातमोजा, मूसच्या कातड्याचा, मनगटाशी बीव्हरची लव लावलेला. माझ्या पोटात आजवर तीन माणसांचे हात राहून गेले. हात निघून जातो, हाताची जागा जात नाही. त्या जागांविषयी सांगायचे आहे, म्हणून मी बोलतो आहे.

पहिला हात

मला डेलिमाने शिवले, तिच्या नवऱ्यासाठी. त्याचे नाव ॲम्ब्रोज. आमचे लोक ओजिब्वे, या थंड मुलखाचे मूळ रहिवासी; आमचे गाव तळ्याच्या काठावर, आणि ॲम्ब्रोजचे अर्धे आयुष्य त्या तळ्यावर. हिवाळ्यात तो बर्फाला भोक पाडून खाली जाळे सोडायचा. त्याचा हात रुंद होता आणि बोलताना तो आतल्या आत हलायचा, जणू प्रत्येक शब्द आधी मुठीत घेऊन मग सोडायचा.

एप्रिलचा बर्फ वरून पांढरा आणि आतून सडलेला असतो. त्याने विडी पेटवायला मला काढले आणि बर्फावर ठेवले. मग बर्फ किती जाड आहे ते बघायला तो काही पावले पुढे गेला.

मी बर्फावर होतो. तो नव्हता.

माझा डावा जोडीदार त्याच्याबरोबर गेला. तो अजून तळ्याच्या तळाशी आहे. कधी कधी कोरड्या कपाटातही माझ्या आत पाणी भरल्यासारखे वाटते. ते माझे नसते, त्याचे असते.

डेलिमाने मला मेणबत्त्यांच्या खणात ठेवले. तिची मुलगी व्हर्ना तेव्हा लहान होती. डेलिमाला मासळीच्या शेडमध्ये कामाला जावे लागले, म्हणून व्हर्नाला शहरात मावशीकडे शाळेला पाठवले. व्हर्ना परत आली तेव्हा तिला आमची भाषा सगळी कळत होती, पण बोलायला लागली की जीभ अडखळायची. एकदा शेडमधल्या बायका तिच्या एका वाक्यावर हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हते, आमच्याकडे सगळे सगळ्यांनाच हसतात. पण व्हर्नाने ते वाक्य शेवटचे ठरवले. त्यानंतर ती आईशी इंग्रजीत बोलायची आणि आई तिला आमच्या भाषेत उत्तर द्यायची. दोघींची भांडणेसुद्धा अशीच चालायची.

दुसरा हात

बऱ्याच वर्षांनी गावाने जुन्या दवाखान्याच्या तळघरात लहान मुलांचा वर्ग काढला. गावात आमची भाषा अस्खलित बोलणारी मोजकीच म्हातारी माणसे उरली होती, आणि मुलांमागे धावण्याची हौस त्यांच्यात एकट्या डेलिमाला होती. व्हर्नाकडे शिक्षिकेचा दाखला होता. तेव्हा ठरले असे की डेलिमाने दिवसभर मुलांशी बोलायचे आणि व्हर्नाने रंग, सूप आणि वाहती नाके सांभाळायची.

मुलांना कळू लागले. पण उत्तर द्यायची ती इंग्रजीतच.

डेलिमा घरी आली आणि तिने खण उघडला. कोटांवरची दोन बटणे माझे डोळे झाली. मासे पकडायच्या दोरीच्या मिशा झाल्या. अंगठ्याचा खालचा जबडा झाला. दुसऱ्या दिवशी तिने मला हातात चढवून मुलांसमोर धरले.

"हा निगिग," ती म्हणाली. आमच्या भाषेत पाणमांजराला निगिग म्हणतात. "याला इंग्रजी येत नाही. तळ्याखाली शाळा नाही ना."

टॅनिस नावाची एक मुलगी होती, बसायला सांगितले की उभी राहणारी. तिने मला इंग्रजीत काहीतरी विचारले. मी मान टाकली.

"मेला?" ती घाबरून म्हणाली. आमच्या भाषेत म्हणाली.

मी लगेच डोके वर काढले.

तेवढे पुरले. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तळघरात आमची भाषा उकळत्या किटलीसारखी वाजत होती. एकदा गावचे प्रमुख वर्ग बघायला आले आणि त्यांनी मला इंग्रजीत शाबासकी दिली. मी झोपलो. टॅनिसने त्यांना कोपऱ्यात नेऊन समजावले, "असं नाही बोलायचं. त्याला वाटतं कोणी दगड खातंय."

माझा आवाज म्हणजे डेलिमाचा आवाज, थोडा जाड केलेला. बालपणीची बरीच वर्षे क्षयाच्या दवाखान्यात काढल्याने तिचे फुप्फुस कच्चे होते. बोलण्याआधी तिला दोनदा बारीक खोकावे लागे. म्हणून मीही खोकायचो. म्हणून मुलेही खोकू लागली.

पेट्रा त्याच सुमारास आली. ती विद्यापीठाची होती. एकाच म्हाताऱ्या माणसाकडून लहान मुले भाषा कशी उचलतात, यावर तिचे संशोधन होते. ती आमची भाषा पुस्तकातून शिकली होती आणि प्रत्येक वाक्य इस्त्री करून घातल्यासारखे बोलायची. ती कोपऱ्यात यंत्र लावून बसे आणि डेलिमाचा शब्द न् शब्द उतरवून घेई. एके दिवशी तिने आपला निबंध डेलिमाला आणि तिच्या भावाला वाचून दाखवला. भाऊ म्हणजे विल्फ, मुलांची गाडी चालवणारा. पेट्राने लिहिले होते की या गावात मोठ्यांना उत्तर देण्याआधी मुले दोनदा खोकतात, आणि ती आदराची खूण आहे.

विल्फने चहाचा कप खाली ठेवला. मग तो स्वतः खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

"अगं पोरी, तो आदर नाही. ते फुप्फुस आहे."

पेट्रा लाल झाली आणि खोडायला लागली. डेलिमाने तिचा हात धरला.

"राहू दे. पोरं माझ्याशी बोलताना खोकतात ना? विल्फशी बोलताना खोकतात का?"

"नाही."

"मग आदरच झाला की."

"माझ्याशी का नाही खोकत?" विल्फने विचारले.

"तुला कोण आदर देतंय."

ती माझी चांगली वर्षे, मित्रांनो. माझे चित्र भिंतीवर लागले. पेट्राच्या पिशवीतून मी विनिपेग शहरातल्या एका मोठ्या सभेला गेलो. तिथे सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या म्हणतात. भाषणे इंग्रजीत होती, त्यामुळे मी झोपलेला होतो.

लाल कापड

तळ्यातला तांदूळ झोडून झाला त्या दिवसांत डेलिमा गेली.

आमच्या काठावर गेलेल्या माणसाच्या थोड्या वस्तू लाल कापडात बांधून वर्षभर ठेवतात. त्या वर्षात त्या माणसाचा आवाज वाजवत नाहीत, त्याची नक्कल करत नाहीत, आणि दर जेवणावळीला त्याच्या नावाचे पान बाजूला मांडतात. वर्षाने गाठ सोडतात. व्हर्नाने कापडात आईचा कंगवा ठेवला, चहाचा चमचा ठेवला आणि मला ठेवले.

अंधारात आम्ही तिघे होतो. कंगव्यात अजून तिचा एक केस होता.

माझ्या पोटात तिच्या हाताची जागा हळूहळू गार होत होती. तिच्या खाली ॲम्ब्रोजची जागा, ती कधीच गार झालेली. आणि मधूनच, बाहेर कुणी नसताना, माझ्या आत दोनदा खोकल्यासारखे व्हायचे. तिचे ते सवयीने उरले होते की मी खोकत होतो, मला सांगता येत नाही.

कापडातून बाहेरचे ऐकू यायचे. आधी मुले कमी बोलू लागली. मग इंग्रजीत बोलू लागली. आता इंग्रजी ऐकून कोण झोपणार होते?

पेट्रा आली तेव्हा ती बराच वेळ कोटही न काढता उभी होती.

"व्हर्ना, माझ्याकडे तिचा पुष्कळ आवाज आहे. रोज थोडासा ऐकवला, तर—"

"वर्षभर नाही."

"मला माहीत आहे गं. पण पाच वर्षांच्या मुलाला वर्ष फार मोठं असतं. पुढच्या तांदळापर्यंत यांच्याजवळ काही उरणार नाही. मी हे दुसऱ्या गावांत बघितलंय."

"मग तू सांग माझ्या आईला. सांग, वर्ष जरा लहान कर म्हणून."

 पेट्रा खोटे सांगत नव्हती. आणि वर्षही खोटे नव्हते. व्हर्ना त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध सूप ढवळत उभी होती.

पहिला बर्फ पडला. मुले खिडकीशी धावली. टॅनिस ओरडली, "स्नो!"

बाकीच्यांनीही तेच म्हटले. एकालाही दुसरा शब्द सुचला नाही.

त्या दिवशी व्हर्नाने गाठ सोडली.

तिसरा हात

तिचा हात बारीक होता आणि नखे कुरतडलेली. तिने मला मुलांसमोर धरले. ती आपल्या अडखळत्या जिभेने काहीतरी साधे म्हणणार होती, एवढे मला तिच्या बोटांवरून कळत होते.

दोनदा खोकल्याचा आवाज झाला.

"काय रे, जेवलात का?"

मित्रांनो, मी आतून सांगतो. हात व्हर्नाचा होता. आवाज डेलिमाचा होता. तो ऐकून माझ्या पोटातला हात दचकला, म्हणजे तो येणार हे त्या हातालाही ठाऊक नव्हते.

एक मुलगा हसत कोटांच्या कपाटाकडे धावला आणि कोट बाजूला सारून मागे बघू लागला. एक मुलगी रडू लागली. टॅनिस उठली, माझ्या अगदी जवळ आली आणि दोनदा खोकून तिने विचारले,

"नोको, तिकडे थंडी आहे का?"

नोको म्हणजे आजी. तिने ते आमच्या भाषेत विचारले. आणि मग सगळीच बोलू लागली. कित्येक आठवड्यांनी, एकही शब्द न चुकता. नोको, तुझे बूट इथेच राहिलेत. नोको, मला नवा दात आला. नोको, तू कधी येणार?

"येते," तो आवाज म्हणाला. "येते हं, येते."

व्हर्नाने मला असे खेचून काढले की एक टाका तुटला.

दुसऱ्या सकाळी तळघराच्या दाराशी डेलिमाचे बूट होते. मुलांनी ते कपाटातून काढून, पुसून, तोंड आत करून ठेवले होते. टॅनिसची आई सांगत आली की पोरगी घराच्या दाराला कडी लावू देत नाही.

बूट ओले होते. मुलांनी पुसले म्हणून ओले असतील. मी त्या ओलीला ओळखतो असे मला वाटले, पण मी हातमोजा आहे, मला सगळेच पाणी ओळखीचे वाटते.

विल्फ गाडीची किल्ली हातातच घेऊन आत आला. मुले बाहेर बर्फात होती.

"काय बोललीस तू तिच्या आवाजात?"

"मी नाही बोलले, मामा. ती म्हणाली, येते."

"जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, एवढंही शहरात शिकवलं नाही? वर्षभर माणूस वाट चालत असतं. ती आता तिकडे उभी असेल, मागे बघत. एक पाय पुढे, एक पाय मागे."

"मग काय करू?" व्हर्नाचा आवाज फुटला. "पोरं बोलली, मामा. तू ऐकायला हवं होतंस. सगळी बोलली. आई नीट वाटेला लागेल, ठीक आहे. आणि ती वर्षानुवर्षं या पोरांच्या तोंडात जे घालत होती, ते? ते मरू द्यायचं? मला येत नाही रे ते. मला फक्त कळतं."

 विल्फ मुलांच्या खुर्चीवर बसला आणि त्या खुर्चीत अडकला. उठायचा प्रयत्न करून झाल्यावर त्याने तिथूनच मला उचलले, उलटसुलट केले आणि माझ्या मनगटाची लव कुरवाळली.

"हा ॲम्ब्रोजचा."

"हो."

"म्हणजे हा तिचा नवरा."

"मामा, हातमोजा आहे तो."

"नवऱ्याचा हात आहे. बायको गेली बिचाऱ्याची. आणि तू याला पोरांपुढे गप्पा मारायला बसवलंस? बायको गेलेल्या माणसाला कोणी बोलायला लावतं का गं?"

व्हर्ना त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"अशा माणसाकडे आपण काय करतो?" विल्फ म्हणाला. "जातो. बसतो. खायला नेतो. आपणच बोलतो, आज काय झालं, कोण आलं, किती मासे लागले. तो वर्षभर गप्प. मग वर्षाने त्याला न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, नवे कपडे द्यायचे आणि चारचौघांत आणायचं." त्याने माझा जबडा बोटाने हलवला. "आणि याला तर इंग्रजी येत नाही."

व्हर्नाने लाल कापड ओढून मांडीवर घेतले.

"पोरांना अडलं तर कोण सांगणार?"

"तू."

"हसतील मला."

"हसतील. मीही हसेन. तुझ्या आईला काय कमी हसलो? आता मला या खुर्चीतून काढ."

वर्ष

मला गळ्यापर्यंत लाल कापडात गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर बसवले. तोंडावरून बोट फिरवून व्हर्नाने माझा जबडा मिटला. मग ती मुलांकडे वळली.

मित्रांनो, तिला आधी ते 'येते' परत घ्यायचे होते. आणि ते आमच्याच भाषेत घ्यायचे होते, कारण दिलेही त्याच भाषेत गेले होते.

"निगिग... दुःख," ती म्हणाली. "बायको त्याची गेली. ती... येणार नाही. मी बोलले ते. नोको नाही बोलली. मी."

कपाटाकडे धावलेल्या मुलाने तिचे एक वाक्य दुरुस्त केले. कोणीतरी फिसकन हसले. व्हर्नाची मान लाल झाली. तिने ते वाक्य पुन्हा म्हटले, बरोबर म्हटले. मग तिलाच हसू आले, आणि हसता हसता ती जमिनीवर बसून रडली. मुलांनी तिला बिस्कीट दिले.

टॅनिसने जाऊन बूट कपाटात ठेवले.

त्यानंतर मुले एकेक करून माझ्याकडे येऊ लागली.

"निगिग, सूप आणलंय. गरम आहे. फुंकून घे."

"निगिग, आमची कुत्री मेली होती. मग दुसरी आणली. तुला दुसरी नको असेल तर नको आणूस."

"निगिग, रडू नकोस. कातडं ओलं झालं की आखडतं."

"निगिग, आज विल्फ घसरला. सगळ्यांसमोर."

"निगिग, पुन्हा बर्फ पडतोय. तुझी पाठ खिडकीकडे आहे म्हणून सांगते." त्या वेळी टॅनिसला बर्फाचा आमचा शब्द सापडला. कुठून सापडला कोण जाणे. मी मान हलवली नाही, मला हलवायची नव्हती.

अडले की मुले व्हर्नाला विचारत. तिला अडले की ती विल्फला विचारे, त्याला अडले की तो म्हाताऱ्यांना फोन लावे, आणि फोनवरून सगळे एकमेकांना हसत. पेट्रा एकदा यंत्र गाडीतच ठेवून आली. भेटायला आले तर चालेल का, असे तिने विचारले. तिने स्वतः भाजलेला ब्ल्यूबेरीचा केक आणला होता. माझ्यासमोर बसून ती एवढेच म्हणाली, "तुझी बायको मला फार आवडायची." विल्फ तिच्या उच्चाराला हसला आणि मग त्याने नाक पुसले.

मी बोललो नाही. नियम होता म्हणून नव्हे. मी वाट बघत होतो. माझ्या पोटातून तो आवाज पुन्हा येईल म्हणून मी वाट बघत होतो, आणि येईल म्हणून भीतही होतो. मुले जितकी मला सांगत गेली, तितके आतले खोकणे लांब लांब होत गेले. एका सकाळी ते झालेच नाही. तेव्हा मला कळले की ती आता पुढे गेली, दोन्ही पायांनी.

वर्ष पुरे झाले. गावजेवण झाले, तिचे पान शेवटचे मांडले गेले. मुलांनी मला ओल्या फडक्याने पुसले, बीव्हरची लव विंचरली, आणि व्हर्नाने शिवलेला निळा अंगरखा मला घातला. तुटलेला टाकाही तिने नीट केला होता.

"झालं," विल्फ म्हणाला. "आता बोल म्हणावं."

व्हर्नाने हात आत घातला. कोणी हलेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी आत बघत होतो.

"मला," मी म्हणालो, "भूक लागलीय."

आवाज व्हर्नाचा होता. जरा शहरी, जरा अडखळता. म्हाताऱ्या बायका हसल्या. मग सगळेच हसले, आणि टॅनिसने मोठ्या आवाजात विचारले की मासा चालेल का, काटे काढून.

मित्रांनो, आता माझी शिवण झिजली आहे. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जिच्यात कुणाचा हात राहून गेला आहे. तिला ऊन दाखवा, तिचे टाके बघा. गेलेल्या माणसाचा आवाज तिच्याकडे मागू नका. तिच्याजवळ बसा आणि आज काय झाले ते तिला सांगा, तिला समजेल त्या भाषेत. चुकलात तर चुका. कोणीतरी हसेल, तेवढेच.

मला शिवले त्या हिवाळ्यात आमच्या काठावर ही भाषा न येणारा एकच माणूस होता. तो दुकानदार होता, आणि मुले त्याच्याशी सावकाश बोलत.